निरोगी रोपांना नुसतं पाणी

विमलताई,

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. विहारासमोर मांडव, खाली सतरंज्या, समोर टेबलावर तुमचा फोटो. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला तोच फोटो मोठा करून लावला होता, ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणायचात, "चोरावानी दिसून राह्यली मी त्यात." जेवणं व्हायच्या आधी कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. मॅडम, दोन शब्द बोला. मी बोलले. विमलताई कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, प्रामाणिक होत्या. 'प्रामाणिक' म्हणताना माझा आवाज बसला आणि पुढच्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाटलं, मॅडमला रडू आलं. रडू नव्हतं आलं, ताई. मी दमले होते. तीन वर्षांपासून दमलेली आहे मी, आणि कशाने, ते त्या मांडवात फक्त तुम्ही ओळखलं असतं.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला लिहिलेलं आवडायचं नाही, हे ठाऊक आहे. मी सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला की तुम्ही म्हणायचात, "तोंडानं सांगा ना मॅडम, तोंडाले कुलूप हाये का?" होतं, ताई. कुलूपच होतं.

तुमची-माझी गाठ मिरचीने घालून दिली. मी नांदुऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले तेव्हा तुम्ही प्रयोगशाळेत आधीपासून होता. नेमणूक रोजंदारीची, पण सगळ्या कपाटांच्या किल्ल्या तुमच्या कमरेला. प्राचार्यांनाही काचेची नळी हवी असली तर तुम्हाला विचारावं लागायचं. मी सोनाळ्याची, शेतकऱ्याच्या घरची. मिरचीची पानं आखडताना, त्यांच्यावर पिवळे-हिरवे चट्टे पडताना, झाड खुजंच राहताना लहानपणापासून पाहिलेलं. रोग दहा प्रकारचे असतील, पण आमच्या गावात सगळ्यांचं मिळून नाव एकच, चुरडा. त्यातल्याच एका विषाणूवर पीएच.डी. करायचं मी ठरवलं. तुम्ही विचारलंत, "रोगावर औषद काढता का मॅडम?" मी म्हटलं, औषध नाही, रोग झाल्यावर झाडाच्या आत काय काय बदलतं ते बघायचंय. तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "म्हंजे लोकं मयतीले जाऊन इचारतेत, काय झालं होतं म्हनून, तसं."

तेव्हा मला राग आला होता. आता तुमच्याच मयतीनंतर ते वाक्य आठवतं आणि हसू येतं, मग हसू आल्याचं वाईट वाटतं.

एका दुपारी नेटहाऊसच्या, म्हणजे रोपांच्या त्या जाळीघराच्या, दारात बसून आपण शेंगा फोडत होतो, तेव्हा मी तुम्हाला जनुकं समजावायला घेतली. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. कोणतं जनुक कधी जागं होणार आणि कधी झोपणार, यावर झाडाचं सगळं चालतं. मी फळ्यावरचं बोलायला लागले तशी तुम्ही मला थांबवलंत. "मांडनीवर भांडे सगळेच असतेत. पाव्हना पाहून कोनतं काढाचं ते ठरते." इतकी वर्षं शिकवते आहे, पण याहून सोपं मला सांगता आलेलं नाही. मग मी विषाणूचं सांगितलं. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं जवळपास काही नसतं. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठाच्या स्वतःच्या भाकरी थापून घेतो. झाडाची सगळी मांडणी उलटीपालटी होते. उन्हातून अन्न करणारी जनुकं मंदावतात, म्हणून पान पिवळं पडतं. एरवी झोपलेली बचावाची जनुकं उठून बसतात. तुम्ही टरफलं झटकत म्हणालात, "पाव्हना नाई हा मॅडम, घरजावई हाये." तेव्हापासून आपण त्या विषाणूला जावईबापूच म्हणायला लागलो. जावईबापू आले, जावईबापू फुगले. विद्यार्थी एकमेकांकडे बघायचे.

आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रोपांना सोसेना, पानं कडेने करपायला लागली. म्हणून मी जारचं पाणी सुरू केलं. तुम्ही तो वीस लिटरचा जार कमरेवर घेऊन नेटहाऊसमध्ये यायचात आणि दर वेळी म्हणायचात, "तुमची मिरची आमच्याहून चांगलं पानी पेते." मी हसायचे. तुमच्या घरी बोअरचंच पाणी होतं हे मला माहीत होतं, तरी हसायचे. पुढे तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी चार कारणं सांगितली, त्यात पाणी होतं. एक जार तुमच्या घरी पाठवावा, एवढं साधं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

रोप आजारी पडणार हे तुम्हाला माझ्याआधी कळायचं. अजून एक चट्टा नाही, काही नाही, आणि तुम्ही एका कुंडीशी थांबून म्हणायचात, "हे रुसलं हाये." मी भिंगातून बघायचे, मला काही दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच रोपावर चट्टे. कसं कळतं, विचारलं तर म्हणायचात, चार लेकरं वाढवली की कळते. पान तोडलं की ते काही मिनिटांत आतून बदलायला लागतं, म्हणून तोडल्याबरोबर गोठवावं लागतं. त्यासाठी आपण गुरांच्या दवाखान्यातून द्रवरूप नायट्रोजनची टाकी मागून आणली, ज्यात ते वळूच्या रेतनाच्या कांड्या ठेवतात. त्या थंड वाफेत पानांच्या पुड्या सोडताना तुम्ही तोंडाला पदर लावून इतक्या हसलात की नंतर मलाही राहवेना. माझ्या सगळ्या संशोधनात चांगलं म्हणावं असं जर काही असेल, तर तो दिवस.

आता त्या आठवड्याकडे येते, जो मला टाळता आला असता तर बरं झालं असतं.

रोगट पान खलात कुटायचं, फडक्यातून गाळून रस काढायचा. मग चांगल्या रोपाच्या पानावर खरखरीत, बारीक पूड भुरभुरायची आणि तो रस बोटाला घेऊन पान घासायचं. डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात, त्यातून विषाणू आत जातो. ही झाली लागण. आणि शेजारच्या निरोगी रांगेलाही सगळं तसंच करायचं. तीच पूड, तसंच घासणं, फक्त पाण्यात विषाणू नाही. याला आम्ही खोटी लागण म्हणतो. ओरखडे दोन्ही रांगांना सारखे, फरक एका विषाणूचा. म्हणजे मग जो बदल दिसेल तो विषाणूने केला, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

हे शेवटचं वाक्य मी प्रबंधात लिहिलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला मी कसं करायचं ते दाखवलं, का करायचं ते नाही. मला परीक्षेची ड्युटी लागली होती आणि रोपं नेमकी चार पानांवर आली होती, थांबून चालणार नव्हतं. शिवाय तुमचा हात माझ्याहून हलका. आधी निरोगी रांग घ्या, मग रोगाची, म्हणजे हाताला रोग लागून तिकडे जायचा नाही, एवढं सांगून मी पर्यवेक्षणाला गेले. तुम्ही "हाव" म्हणालात. कॉपी पकडायला पळणाऱ्या बाईने आपल्या प्रयोगाच्या मुळाशी काय चाललंय ते एकदा बघायला नको का? नाही बघितलं.

लागणीनंतर सहा तासांनी आणि दहाव्या दिवशी तोडलेली पानं आपण तपासायला पुण्याला पाठवली होती. तिथल्या प्रयोगशाळेतून निकाल आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये उडी मारायचीच बाकी ठेवली होती. दहाव्या दिवसाचं चित्र अपेक्षेप्रमाणेच होतं. नवल होतं ते पहिल्या सहा तासांचं. रोगाच्या रांगेत बचावाची कितीतरी जनुकं सहा तासांच्या आत जागी झाली होती, निरोगी रांगेत सगळी शांत. म्हणजे झाड विषाणूला इतक्या लवकर ओळखतं! मी त्यावरच प्रबंध उभा केला. निबंध बाहेरच्या नियतकालिकात छापून आला, लोक त्याचा दाखला देऊ लागले. शेवटी आभाराचा परिच्छेद होता. मार्गदर्शकांचे आभार, प्राचार्यांचे आभार, "आणि प्रक्षेत्रावरील मदतनीसांचे." मदतनीस एकच होत्या, आणि त्यांना नाव होतं.

पदवी मिळाली त्या दिवशी मी कचोऱ्या मागवल्या. आपण नेटहाऊसच्या दारातच बसलो. तुम्ही खूश होता, माझ्याहून जास्त. कचोरीबरोबरची हिरवी मिरची चावत तुम्ही सहज म्हणालात, "त्या चांगल्या झाडाईले मी घासलं नाई बरं मॅडम. नुसतं पानी लावलं. ज्याले रोग द्याचाच नाई, त्याले काऊन खरचटाचं? बिचारे."

तुम्हाला शाबासकी हवी होती. मला आजही तुमचा तो चेहरा दिसतो. मी विचारलं, एकालाही नाही? "एकालेबी नाई," तुम्ही म्हणालात, अभिमानाने.

ताई, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही चूक झाली असती तर आळसाने झाली असती. तुमच्याकडून ती दयेने झाली. पण झाडाला त्याचं काय? ओरखडा पडला की झाड दचकतं, बचावाची जनुकं उठतात, विषाणू असो वा नसो. मी ज्याला विषाणूची ओळख म्हणून नाचवत होते ती कदाचित नुसत्या खरचटण्याची ओळख होती. मी तुम्हाला ते तिथेच समजावून सांगितलं. जे आधी सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगितलं. तुमच्या हातातली कचोरी तशीच राहिली. "मंग आता?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, आता काही नाही, कोणाला सांगू नका.

खात्री करायची म्हणून मी गुपचूप प्रयोग पुन्हा केला. या वेळी तीन रांगा लावल्या. एक हात न लावलेली, एक नुसती घासलेली, एक विषाणू लावून घासलेली. घासायचं काम तुम्हीच मागून घेतलंत. निरोगी रांगेतल्या एकेका पानावरून बोट फिरवताना तुम्ही पुटपुटत होता, "माफ कर माय, माफ कर." एकही रोप सोडलं नाहीत. पानं पुण्याला गेली, आणि त्यानंतर तुम्ही दर दोन-चार दिवसांनी विचारायला लागलात. "आला का रिपोर्ट?"

ताई, रिपोर्ट महिन्याभरात आला होता.

सहा तासांच्या चित्रात नुसत्या घासलेल्या आणि विषाणूच्या रांगेत काही फरक नव्हता. झाडाने ओरखडाच ओळखला होता. दहाव्या दिवसाचं मात्र सगळं खरं निघालं, पान पिवळं का पडतं, कोणती जनुकं मंदावतात, ते जसंच्या तसं. म्हणजे माझा अर्धा प्रबंध उभा होता आणि अर्धा आडवा. पण आडवा झालेला अर्धा तोच होता ज्याच्यासाठी लोकांनी माझी पाठ थोपटली होती. मी तो रिपोर्ट टेबलाच्या खणात ठेवला आणि तुम्हाला म्हटलं, अजून नाही आला, पुण्याला कामाची गर्दी आहे.

मग त्या बाई आल्या. दुसऱ्या राज्यातून, रेल्वेने, एकट्या. याच विषाणूवर काम करणाऱ्या. त्यांचे सहा तासांचे निकाल माझ्याशी जुळत नव्हते, आणि त्यांना वाटत होतं की चुकतंय त्यांचंच. इतक्या सभ्य की मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, पद्धत निबंधात दिलेली आहे. त्यांनी वही उघडली आणि तुमच्याकडे वळून विचारलं, "दीदी, आपने दोनों को रगड़ा था? बिना वायरसवालों को भी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वर टांगलेल्या पिवळ्या चिकट कागदाकडे बघत राहिले, त्यावर माव्याचे किडे किती चिकटलेत ते मोजत असल्यासारखी. आणि मग तुमचा आवाज आला. "हाँ मॅडम. दोनो को."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. वर्षभराने त्यांचा मेल आला की त्यांनी तो विषय सोडला, मी वेळ दिला म्हणून आभार. मी तो मेल तुम्हाला दाखवला नाही.

त्या दिवशी नेटहाऊसला तुम्हीच कुलूप लावलंत. मग किल्ली कमरेला खोचत म्हणालात, "माह्या तोंडानं बोलून घेतलं तुमी."

मी म्हटलं, "मी काही बोलले का?"

"तेच ना," तुम्ही म्हणालात.

त्यानंतरचं आपलं भांडण कधी मिटलंच नाही, आणि आता मिटणारही नाही. तुम्ही ओरडायचा नाहीत. भांडी घासता घासता, कुंड्या भरता भरता एखादं वाक्य टाकायचात. "माही चूक हाये ना? मंग माह्या नावानं सांगा. लिहा, विमलनं घासलं नाई म्हनून." एकदा मी चिडून म्हटलं, तुमचं नाव सांगून कोण ऐकणार आहे? तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "चांगल्या कामाले नाव नोतं, चुकीले तरी लावा." उत्तर सुचलं नाही की माणूस धमकी देतो. मी म्हटलं, हे बाहेर गेलं तर माझं जे व्हायचं ते होईल, पण रोजंदारीवरचं माणूस आधी जाईल. तुमच्या घरात तेव्हा तुमच्याशिवाय कमावतं कोणी नव्हतं. हे माहीत असून मी ते बोलले. ताई, सगळ्यांत वाईट मी जे काही केलं असेल ते हेच. रिपोर्ट लपवण्याहूनही.

तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. कामात कसूर नाही, चहा वेळेवर, 'मॅडम' तसंच. फक्त जावईबापू म्हणणं बंद झालं.

अकोल्याला डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी तीनदा आले. तिसऱ्या वेळी तुमच्या हाताच्या नळीतून रक्त जात-येत होतं आणि तुम्ही मिरचीबद्दल विचारत होता. नवीन माणूस पाणी वेळेवर घालतो का? जाळी फाटली होती ती शिवली का? मग विचारलंत, "तो रिपोर्ट आला का मॅडम?"

तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं कोणता रिपोर्ट येतो? तुम्ही वेड्या नव्हता. तुम्ही मला दार उघडून दिलं होतं, शेवटचं. आणि मी म्हटलं, "येईल ताई."

तुम्ही माझा हात हातात घेतलात. "पुन्यावाल्याईचं काई खरं नाई," म्हणालात आणि डोळे मिटलेत. चिडल्या असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, जसं दर वेळी घ्यायचात.

आता रविवारचं. पंगती उठल्यावर तुमच्या प्रज्ञाने मला बाजूला घेतलं. ती आता चिखलीच्या शाळेत शिकवते. वर्गात चांगलं पुस्तकी बोलते, घरी आली की तुमच्यासारखीच. ती म्हणाली, "मॅडम, एक इचारू? आईनं कालेजात काई केलं होतं का?"

मी म्हटलं, "का गं?"

"आई दर रविवारी इहारात पंचशील म्हने. मोठ्यानं म्हने, सगळ्याईच्या वर आवाज तिचा. दोन-तीन वर्सं झाले, चौथं शील आलं की चूप बसे. खोटं न बोलन्याचं. बाकी चार म्हने, ते एक सोडे. म्या इचारलं तं म्हने, 'कोनाचं तरी माह्यापाशी ठेवेल हाये. ते घेऊन गेले का म्हनीन.' दवाखान्यात भन्तेजी आले होते, त्याईच्या संगबी चारच म्हनले."

माझ्या हातात कोणीतरी दिलेली बुंदीची वाटी होती. मी ती खाली ठेवली आणि प्रज्ञाला तिथेच सगळं सांगितलं. पानं, पाणी, त्या बाई, खणातला रिपोर्ट. रोजंदारीची धमकीसुद्धा. मला वाटलं ती मला मांडवाबाहेर काढेल. काढलं असतं तर मी गेले असते. तिने शेजारची सतरंजी उचलून तिची घडी घातली. मग म्हणाली, "आता काय करता?"

"लिहिते," मी म्हटलं.

"आईचं नाव टाकसान?"

"चूक म्हणून नाही टाकणार. चूक माझी आहे."

"मंग काम म्हनून टाका," ती म्हणाली. "तिनं काम तं केलंच ना."

सोमवारी मी खण उघडला. नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, प्रती विद्यापीठाला, मार्गदर्शकांना आणि त्या बाईंना. इंग्रजीत लिहावं लागलं, पण तुम्हाला मराठीत सांगते. लिहिलं की पहिल्या प्रयोगात निरोगी रोपांना ओरखडे दिलेले नव्हते, म्हणून सहा तासांचा निष्कर्ष मी मागे घेते आहे. ते ओरखडे का द्यायचे हे मी काम करणाऱ्या व्यक्तीला कधी समजावलं नव्हतं, ती चूक माझी. हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. आमच्याकडे आलेल्या संशोधकाला माझ्या देखत चुकीची माहिती दिली गेली आणि मी ती दुरुस्त केली नाही. फेरप्रयोगाचे निकाल सोबत जोडले आहेत, आणि त्या प्रयोगातली प्रत्येक लागण विमलताईंनी स्वतःच्या हाताने केली. तिथे तुमचं नाव पूर्ण लिहिलं आहे, आडनावासकट. प्रज्ञाकडून अक्षरं तपासून घेतली.

मार्गदर्शकांचा लगेच फोन आला. वेड लागलंय का, कोणी विचारलं होतं? मी म्हटलं, सर, विचारलं होतं. पदवीचं काय होईल ते माहीत नाही. चौकशी लागेल, कॉलेजात कुजबूज तर सुरूही झाली आहे. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. अजून दमलेलीच आहे. हे मी धैर्याने केलं असं कोणी म्हणायला लागलं तर त्याला थांबवायला तुम्ही हव्या होता. तुम्ही गेल्यावर केलं, यात धैर्य कसलं?

आज त्या बाईंचं उत्तर आलं. राग नव्हता. दोनच ओळी होत्या. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की त्यांचाच हात चुकतो. आणि विचारलं होतं, त्या दीदी कशा आहेत?

ताई, तुमच्यापाशी ठेवलेलं माझं मी नेलं आहे. तुम्ही असताना न्यायला हवं होतं.